भोवळ व मानेचे मणके
भोवळ म्हणजे स्वतः किंवा भोवतालच्या वस्तू गरगर फिरत असल्याचा भास. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिचे कारण बहुधा मेंदूतील रक्ताधिक्य मानले जाई. प्रॉस्पेअर मेन्येअर (१७९९–१८६२) या फ्रेंच वैद्यांनी १८६१ मध्ये तिचे मूळ अंतर्कर्णात दाखविले. तेथील समतोल-यंत्रणेवरील संशोधनासाठी रॉबेर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दरम्यान डॅनियल डेव्हिड पामर (१८४५–१९१३) यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे हाताने मणके सारण्याची कायरोप्रॅक्टिक पद्धती सुरू केली. त्यांचे पुत्र बी. जे. पामर यांनी पुढे मानेच्या वरच्या दोन मणक्यांवर विशेष भर दिला. हे मणके किंचित सरकल्याने भोवळ येते, हे या संप्रदायाचे मत मात्र सिद्ध झालेले नाही.

स्थितिजन्य भोवळ अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकृती नलिकांत शिरलेल्या सूक्ष्म कॅल्शियमयुक्त कणांमुळे येते. जॉन एपली यांच्या १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत डोके ठराविक क्रमाने वळवून हे कण नलिकांबाहेर काढतात. येथे मान वळते, पण उपचार कानावर होतो. याउलट मानेला झटका दिल्यानंतर क्वचित तेथील रोहिणीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. अशा इजेचे आरंभीचे लक्षणही भोवळच असू शकते. म्हणून उपचारापूर्वी कारणाचे निदान आवश्यक ठरते.