नगरच्या शाळा आणि 'गो'चा भूतकाळ

अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे ठाणे उभारले, 1839 मध्ये सिंथिया फॅरार मुंबईहून तेथे येऊन मुलींच्या शाळांचे काम पाहू लागल्या आणि 1842 मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक याच शहरात सुरू झाले. इंग्रजी भाषेशी आणि तिच्या व्याकरणाशी नगरचा संबंध जुळला तो या वातावरणात. तो मात्र सरळ वाढला नाही. बोस्टनहून आलेल्या रूफस अँडरसन यांच्या शिष्टमंडळाने 1854-55 मध्ये मिशनचे शिक्षण इंग्रजीऐवजी देशी भाषेतून व्हावे असा आग्रह धरला. सरकारी शाळांची ओढ आणि नोकरीची गरज यांपुढे तो आग्रह फार काळ टिकला नाही, आणि इंग्रजी क्रियापदांचा तीन रकान्यांचा तक्ता, म्हणजे मूळ रूप, भूतकाळ आणि भूतकालवाचक धातुसाधित असा क्रम, जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या घोकंपट्टीचा भाग होऊन बसला.

त्या तक्त्यात 'गो, वेंट, गॉन' ही ओळ सर्वांत अवघड ठरते, कारण तिच्यातील मधले रूप पहिल्याशी कोणतेही नाते सांगत नाही. 'वेंट' हे मुळात 'वेंड' या, वळणे किंवा मार्ग धरणे अशा अर्थाच्या, दुसऱ्याच क्रियापदाचे भूतकाळी रूप होते. 'गो'चे जुन्या इंग्रजीतील 'इओदे' हे भूतकाळी रूप मागे पडत गेले आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास त्याची जागा 'वेंट'ने घेतली. वेगळ्या धातूंची रूपे अशी एकाच क्रियापदात नांदू लागली की भाषाशास्त्र त्याला धातुपूरण म्हणते.

नगरच्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटण्याचे खरे तर कारण नव्हते. 'जाणे' आणि 'गेला' यांचीही तीच गत आहे: 'जा' हा संस्कृत 'या' धातूपासून प्राकृतातून आला, तर 'गेला' हे 'गम्'च्या 'गत' या रूपाला 'ल'कारी प्रत्यय लागून सिद्ध झाले. याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 च्या सुमारास, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत 'जाय' आणि 'गेला' ही दोन्ही कुळे शेजारीशेजारी वावरतात, म्हणजे इंग्रजीत 'वेंट' स्थिरावण्यापूर्वीच मराठीत हा प्रकार रुळलेला होता. तरीही घरच्या भाषेतील ही फारकत मुलाला बोलताबोलता येते आणि परक्या भाषेतील मात्र छडीच्या धाकाने शिकावी लागते.

मराठी व्याकरणाची छापील मांडणी करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर (1814-1882) यांचाही या जिल्ह्याशी संबंध आला. त्यांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या रचनेवर इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीचा प्रभाव स्पष्ट दिसतो. पुढे त्यांनी नगर जिल्ह्यात डेप्युटी कलेक्टर म्हणून काम केले. इंग्रजी नमुन्याने मराठीला रकान्यांत बसवण्याची सवय त्या पिढीपासून पडली, आणि तिचा फायदाही झाला, कारण अनियमित धातूंची नोंद करायची असते हे त्यातून ठसले.

रूपे पाठ झाली तरी उपयोगाचा प्रश्न उरतोच. 'गॉन' एकटे क्रियापदाचे काम करत नाही, त्याला 'हॅव' किंवा 'हॅड'सारख्या सहाय्यक क्रियापदाची जोड लागते. 'गोइंग टू' गतीपेक्षा नजीकच्या भविष्याचा संकेत देते, ज्यासाठी मराठी क्रियापदाला '-णार' जोडून पुढे 'आहे' म्हणते. सर्वाधिक घोटाळा होतो तो 'हॅज गॉन' आणि 'हॅज बीन' यांत. पुण्याला जाऊन परतलेल्या माणसाबद्दल विद्यार्थी सहज 'हॅज गॉन' लिहितो, वास्तविक 'गेला आहे' आणि 'जाऊन आला आहे' हा फरक तो रोज अचूक पाळत असतो. शासनाने 2000-01 पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू केल्यावर हा तक्ता आता आणखी लहान वयात हाती पडतो, पण त्याच्या शेजारी 'जाणे, गेला, जाऊन आला' ही रूपे मांडण्याची रीत अजून फारशी रुजलेली नाही.