विश्लेषण : राज्यकर्त्यांवरचा विश्वास उडाला की उठाव होतोच का? श्रीलंकेत काय घडले?

राज्यकर्त्यांविषयी अविश्वास ही बहुतेक देशांत नेहमीचीच बाब असते. ‘सगळे सारखेच’ म्हणत लोक पुन्हा मतदानाला जातात. उठाव मात्र क्वचित होतो. कुरकुर करणारे लोक नेमके कधी रस्त्यावर उतरतात? २०२२ मधील श्रीलंका हे त्याचे आपल्या शेजारचेच उदाहरण.

राजपक्षे तर लोकप्रिय होते…

नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबया राजपक्षे ५२ टक्के मते मिळवून अध्यक्ष झाले. त्या वर्षीच्या ईस्टर बॉम्बस्फोटांमुळे मतदारांना कणखर नेता हवा होता आणि तमिळ वाघांविरुद्धचे युद्ध २००९ मध्ये संपले तेव्हा गोटाबया संरक्षण सचिव होते. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांच्या पक्षाने २२५ पैकी १४५ जागा जिंकल्या. भाऊ महिंदा पंतप्रधान, दुसरे भाऊ बसिल पुढे अर्थमंत्री, आणखी एक भाऊ चमल व पुतणे नमल मंत्री. घराणेशाही उघड होती, भ्रष्टाचाराचे आरोपही जुनेच. तरीही लोकांनी त्यांनाच निवडले होते. म्हणजे उठावाचे कारण केवळ आरोपांत शोधून चालणार नाही.

संकट स्वयंपाकघरापर्यंत कसे पोहोचले?

सत्तेवर येताच सरकारने मोठी करकपात केली. मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. महसूल घटला, त्यात करोनामुळे पर्यटन थांबले. २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली गेली. भाताचे उत्पादन घसरले, चहालाही फटका बसला आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला. तोवर डॉलर संपत आले होते. मार्च २०२२ अखेर दिवसाला १३ तासांपर्यंत वीज जाऊ लागली. पेट्रोल, डिझेल आणि गॅससाठी रांगा लागल्या. रांगेत उभे असताना काहींचा मृत्यू झाला. कागदाअभावी पश्चिम प्रांतात शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. १२ एप्रिलला सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे जाहीर केले. स्वातंत्र्यानंतर असे प्रथमच घडले.

अमेरिकी अभ्यासक जेम्स डेव्हिस यांनी १९६२ मध्ये मांडले होते की, दीर्घकाळ स्थिती सुधारत जाऊन अचानक घसरली, की बंडाची शक्यता वाढते. केवळ गरिबी पुरेशी नसते. जागतिक बँकेने २०१९ मध्ये श्रीलंकेला उच्च-मध्यम उत्पन्न गटात नेले होते, हे इथे लक्षात घ्यावे.

सत्ता कशी कोसळली?

३१ मार्चच्या रात्री जमाव गोटाबयांच्या मिरिहाना येथील खासगी घरासमोर जमला. ९ एप्रिलपासून कोलंबोच्या गॉल फेस मैदानाजवळ आंदोलकांचे ‘गोटागोगामा’ उभे राहिले. सिंहलीत ‘गम’ म्हणजे गाव, म्हणजे ‘गोटा जा’ नावाचे गाव! एप्रिलच्या सुरुवातीलाच महिंदा वगळता जवळपास सगळ्या मंत्रिमंडळाने राजीनामे दिले आणि आघाडीतील ४० हून अधिक खासदार बाजूला झाले. आतून पडलेली ही फूट रस्त्यावरच्या गर्दीइतकीच निर्णायक होती. ९ मे रोजी राजपक्षे समर्थकांनी आंदोलकांवर हल्ला केला, हिंसाचार भडकला आणि महिंदांनी पद सोडले. ९ जुलैला जमाव अध्यक्षांच्या निवासस्थानात घुसला. अश्रुधूर आणि गोळीबार झाला, पण सैन्याने रक्तपात करून सत्ता वाचवली नाही. गोटाबया मालदीवमार्गे सिंगापूरला गेले आणि १४ जुलैला त्यांनी राजीनामा दिला.

राज्यकर्ते बदलले का?

लगेच नाही. २० जुलैला त्याच संसदेने रनिल विक्रमसिंघे यांना १३४ मतांनी अध्यक्ष निवडले. दोनच दिवसांनी लष्कर व पोलिसांनी गॉल फेसचा तळ उधळला. खरा बदल सप्टेंबर २०२४ मध्ये, मतपेटीतून झाला. अनुरा कुमार दिसानायके अध्यक्ष झाले आणि २०२० मध्ये अवघ्या ३ जागा मिळालेल्या त्यांच्या आघाडीला नोव्हेंबरमध्ये १५९ जागा मिळाल्या. त्यांच्या जनता विमुक्ती पेरामुना या पक्षाने १९७१ मध्ये आणि १९८७ ते १९८९ दरम्यान सशस्त्र उठाव केले होते. दोन्ही चिरडले गेले, हजारो तरुण मारले गेले. ज्या पक्षाला बंदुकीने सत्ता मिळाली नाही, त्याला ती मतदारांनी दिली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी आधीच्या सरकारने केलेला करार मात्र नव्या सरकारनेही कायम ठेवला.