माकडहाड आणि गेलनचे तीन मणके

पाठीच्या कण्याचे अगदी खालचे टोक म्हणजे माकडहाड. घसरून आपटल्याशिवाय त्याची आठवण होत नाही. शब्द मात्र बोलका आहे. मराठीने या हाडात माकड पाहिले, ग्रीकांनी पक्षी. ‘कॉक्सिक्स’ हे नाव ‘कोक्कुक्स’ म्हणजे कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्यावरून आले, कारण हे हाड त्याच्या चोचीसारखे वाकडे दिसते. (संस्कृत ‘कोकिल’ काय किंवा ‘कोक्कुक्स’ काय, दोन्ही नावे आवाजावरूनच पडलेली!)

पाठ्यपुस्तकात मात्र ते ‘अनुत्रिक’ असते, म्हणजे त्रिकाच्या पुढचे. हा ‘त्रिक’ शब्द सुश्रुतसंहितेत आहे. कंबरेची दोन हाडे आणि कणा अशी तिघे जिथे भेटतात ती जागा, असा त्याचा अर्थ लावतात. वाचणाऱ्याला वाटावे, त्रिकात मणके तीन असणार. माणसात बहुधा ५ मणके जुळून हे हाड बनते.

पण दुसऱ्या शतकात गेलनने खरोखरच तीन लिहिले. रोममध्ये माणसाचे प्रेत चिरण्याची सोय नव्हती. तो माकडे चिरी, विशेषतः उत्तर आफ्रिकेतले बार्बरी मकाक, आणि मकाकाच्या त्रिकात साधारणपणे ३ मणके असतात. त्याने पाहिले तेच लिहिले होते, फक्त ते माणसाचे नव्हते. पुढे तेराशे वर्षे वैद्य त्याची पोथी वाचत राहिले. १५४३ साली बाझल येथे छापलेल्या ग्रंथात वेसालियसने मानवी सांगाडे पाहून ही संख्या दुरुस्त केली. तेव्हा पॅरिसमधले त्याचे गुरू सिल्व्हियस यांनी काय म्हणावे? गेलन बरोबरच होता, माणसाचे शरीरच मधल्या काळात बदलले!

‘माकडहाड’ हा शब्दही जपूनच घ्यावा लागतो. बहुतेक माकडांना तिथे शेपूट असते. शेपूट नसणे हे आपले गिबन, ओरांगउटान, गोरिला व चिंपांझी यांच्याशी असलेले साम्य आहे. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी ‘टीबीएक्सटी’ या जनुकात घुसलेला डीएनएचा एक छोटा तुकडा त्याला कारणीभूत असावा, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. मानवी गर्भाला पाचव्या आठवड्याच्या सुमारास शेपटी दिसते आणि आठव्यापर्यंत ती नाहीशी होते.

उरतात ते ३ ते ५ छोटे मणके. वर्गात त्यांना ‘निरुपयोगी अवशेष’ म्हटले जाते, ते आम्हाला पटत नाही. ओटीपोटाचा तळ तोलून धरणारे स्नायू आणि बंध याच हाडाला जोडलेले असतात.