ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यातील एंझाइमे

मांसासाठी वाढविण्यात येणाऱ्या (ब्रॉयलर) कोंबड्यांना खाद्यातील जे घटक स्वतःच्या पाचक रसांनी पचविता येत नाहीत, त्यांचे विघटन व्हावे म्हणून खाद्यात मिसळण्यात येणारी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रियांचा वेग वाढविणारी प्रथिने). ती मुख्यत्वे कवके व सूक्ष्मजंतू यांच्या किण्वनाने मिळवितात. फायटेज, झायलॅनेज, बीटा-ग्लुकॅनेज व प्रोटिएज ही त्यांपैकी प्रमुख होत.

गरज व कार्य : ब्रॉयलर पक्षी सु. ३५ ते ४२ दिवसांत विक्रीयोग्य होतो. उत्पादनखर्चाचा सु. दोन तृतीयांश भाग खाद्यावर पडतो. भारतात हे खाद्य मुख्यतः मका व सोयाबीन पेंड यांचे असते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात असलेल्या सुलतानपूर परिसराचे सोयाबीन हे प्रमुख खरीप पीक असल्याने तेथील शेतकऱ्याचा या उद्योगाशी दुहेरी संबंध येतो : तो पेंडीसाठी लागणारे सोयाबीन पिकवितो आणि कोंबड्या पाळू लागल्यास तीच पेंड खाद्यरूपाने परत वापरतो. मका व सोयाबीन यांतील फॉस्फरसाचा सु. दोन तृतीयांश भाग फायटिक अम्लाच्या रूपात बद्ध असतो. तो मोकळा करण्याइतके फायटेज कोंबडीच्या आतड्यात नसते. परिणामी हा फॉस्फरस विष्ठेतून वाया जातो, कॅल्शियम व जस्त यांसारखी खनिजेही त्यात अडकतात आणि हाडांच्या वाढीसाठी डायकॅल्शियम फॉस्फेट वेगळे द्यावे लागते. फायटेजामुळे या पूरकाची मात्रा बरीच कमी करता येते. फॉस्फेटी खनिजाची बहुतांश गरज आयातीने भागविणाऱ्या देशाला ही बचत महत्त्वाची ठरते.

इतिहास : तांदळाच्या कोंड्यातील फायटेजाचे वर्णन जपानी शास्त्रज्ञ सुझुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०७ मध्ये केले. कोंबड्यांच्या खाद्यात कवकजन्य एंझाइम मिसळण्याचा प्रयोग क्लिकनर व फॉलवेल यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केला. तथापि अशी द्रव्ये स्वस्त व एकसारख्या गुणवत्तेची मिळत नसल्याने पुढे अनेक वर्षे ही कल्पना मागेच राहिली. १९५७ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात जेन्सन, मॅक्गिनिस व इतर संशोधकांनी बार्लीच्या खाद्यात एंझाइम घातल्यास पिलांची वाढ सुधारते, असे दाखविले. बार्लीतील बीटा-ग्लुकॅनामुळे आतड्यातील द्रव घट्ट होतो, अन्नशोषण मंदावते आणि विष्ठा चिकट बनते. बीटा-ग्लुकॅनेज हा दोष दूर करते. १९८० नंतरच्या दशकात यूरोपात त्याचा व्यापारी वापर सुरू झाला. नेल्सन व सहकाऱ्यांनी १९७१ पर्यंत पिलांवर फायटेजाची उपयुक्तता सिद्ध केली होती. परंतु त्याचे व्यापारी उत्पादन १९९१ मध्ये नेदर्लंड्समध्ये उपलब्ध झाले. शेणखतातील फॉस्फरसाने होणारे जलप्रदूषण रोखण्यासाठी तेथे केलेले कडक नियम हे यामागील महत्त्वाचे कारण होते. १ जानेवारी २००६ पासून यूरोपीय संघात वाढवर्धक म्हणून प्रतिजैविके देण्यास बंदी आली, तेव्हा पचन सुधारणाऱ्या एंझाइमांकडे अधिक लक्ष गेले.

भारत व महाराष्ट्र : डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या व पुढे पुणे येथे मुख्यालय असलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या संस्थेमुळे महाराष्ट्रात संकरित पक्ष्यांच्या व्यापारी पालनास चालना मिळाली. मका-सोयाबीन खाद्यात बीटा-ग्लुकॅनाचे प्रमाण अल्प असल्याने यूरोपातील बार्लीचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे फायटेजाचे महत्त्व अधिक आहे. तांदळाचा कोंडा, सूर्यफूल पेंड यांसारखे तंतुमय घटक वाढविल्यास मात्र झायलॅनेजासारख्या एंझाइमांचा लाभ होतो. खाद्य-एंझाइमांचे उत्पादन महाराष्ट्रातही होते.

मर्यादा : गोळीखाद्य तयार करताना तापमान सु. ८० ते ८५° से. पर्यंत जाते व साधी एंझाइमे निष्क्रिय होतात. म्हणून ती उष्णतासह प्रकारची निवडतात, त्यांना संरक्षक आवरण देतात किंवा गोळ्या निवल्यावर त्यांवर फवारतात. विदर्भातील तीव्र उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत साठविलेल्या पोत्यातील एंझाइमांची क्षमताही घटते. सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉल किंवा बुरशीजन्य विषे ही एंझाइमे नाहीशी करीत नाहीत. कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिन-रोधकासाठी योग्य भाजणीच आवश्यक असते.

आर्थिक बाजू : करारपद्धतीत कंपनी पिले व खाद्य पुरविते, तर शेतकरी शेड, वीज व श्रम देतो. त्याचा मोबदला बहुधा पक्ष्यांचे वजन व त्यासाठी लागलेले खाद्य यांवर ठरतो; त्यामुळे ज्या खाद्याची निवड त्याच्या हाती नसते, त्याच्या गुणवत्तेवर त्याचे उत्पन्न अवलंबून राहते. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनचे भाव चढल्यावर केंद्र शासनाने जनुकीय परिवर्तित सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी दिली. कुक्कुटपालकांना त्यामुळे दिलासा मिळाला. नवे पीक बाजारात येण्याच्या सुमारास भाव उतरले, तेव्हा सोयाबीन उत्पादकांत असंतोष पसरला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बुलढाणा जिल्ह्यात आंदोलन झाले. एंझाइमांमुळे पेंडीची मात्रा काहीशी कमी करता येते व स्थानिक दुय्यम घटक वापरता येतात. परंतु पेंड विकणारा व विकत घेणारा या दोघांच्या हितसंबंधांतील तेढ त्यांनी मिटत नाही. तिचे निराकरण बाजारधोरणातच शोधावे लागते.