शब्दवेध : ताईत

लाडक्या लेकराला आपण ‘गळ्यातला ताईत’ म्हणतो. हा ताईत मूळचा अरबी ‘तअवीज़’. त्या शब्दाच्या धातूचा अर्थ आसरा मागणं. उर्दूत तावीज राहिला, मराठीनं त्याला पार घरचा केला. वऱ्हाडात अचलपूर-बाळापूरकडे तो हिंदूच्या दंडावर दिसतो, मुसलमानाच्याही.

अशीच सरमिसळ येमेनमध्येही होती: तिथं ताइताच्या चांदीच्या नळ्या मुख्यतः यहुदी कारागीर घडवत. बारीक रवे, नाजूक तारकाम. गिऱ्हाईक यहुदी, तसंच मुसलमानही. १९४९-५०मध्ये बहुतेक यहुदी इस्रायलला गेले. ही सरमिसळ पोथ्यांतही दिसते, म्हणून येमेनमधल्या सना इथली १४६९ची हिब्रू तोरापोथी मला फार मोलाची वाटते. नक्षीची पानं थेट कुराणाच्या पोथीतली वाटावीत. जवळून पाहिलं, की त्यातले मासे इवल्या हिब्रू अक्षरांनी रेखलेले दिसतात.