पासोडी आणि पडदा

मराठी वाङ्मयाचा इतिहास आपण ग्रंथ आणि ग्रंथकार यांच्या क्रमाने शिकवतो. मजकूर कशावर लिहिला गेला आणि तो कसा वाचला गेला, हा प्रश्न सहसा बाजूला राहतो. अंबाजोगाईत मात्र तो टाळता येत नाही, कारण दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी येथे आहे.

पासोडी म्हणजे जाडेभरडे पांघरूण. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा या कापडावर दासोपंतांनी 'पंचीकरण' लिहिले. ओव्यांच्या जोडीला आकृत्याही काढल्या. त्यांच्या 'गीतार्णवा'ची ओवीसंख्या परंपरा सव्वा लाख सांगते. अशा ग्रंथकाराने याच विषयासाठी कापड का निवडले असावे? पंचीकरणात प्रत्येक महाभूताचा अर्धा भाग स्वतःपाशी राहतो. उरलेल्या अर्ध्याचे चार वाटे होऊन ते इतर चार भूतांत मिसळतात. हा हिशेब नुसता ऐकून ध्यानात राहत नाही, तो डोळ्यांपुढे मांडलेला असावा लागतो. पसरलेल्या पासोडीभोवती अनेकांना बसता येते आणि जाणकाराला बोट ठेवून दाखवता येते. हे अनुमान खरे. पण वस्तूचा आकारच ते सुचवतो.

आपल्या काळात लेखनाचा पृष्ठभाग पुन्हा बदलला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. पुढे ही पद्धत राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. २०२० मध्ये डिसले यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले आणि त्याच वर्षी टाळेबंदीमुळे वर्ग मोबाईलवर भरू लागले.

मोबाईलचा पडदाही पासोडीसारखा उलगडत जातो. परंतु एका वेळी वीतभरच दिसतो आणि तोही एकालाच. पीडीएफवर निबंध वाचून आलेला विद्यार्थी त्यातील एखादे वाक्य अचूक सांगतो. ते वाक्य कोणत्या युक्तिवादाचा भाग आहे, हे विचारले की अडखळतो. दोष त्याचा नाही. अक्षरओळख आपण शिकवली, पडद्यावर संपूर्ण मजकुराची मांडणी मनात धरणे शिकवले नाही.

आता आम्ही वर्गात एक साधा उपाय करतो. पडद्यावर निबंध वाचून झाला की त्याचा आराखडा एका मोठ्या कागदावर काढायचा, कागद जमिनीवर पसरायचा आणि सगळ्यांनी त्याभोवती बसायचे. मग प्रत्येकाने बोट ठेवून सांगायचे, की आपण वाचलेले वाक्य यात नेमके कोठे येते.