अठरा पौंडांच्या पार्सलांची बेटे

जर्सी आणि गर्न्सी ही चॅनल बेटांमधली दोन मोठी बेटे नॉर्मंडीच्या किनाऱ्याजवळ आहेत. ती ब्रिटिश राजसत्तेच्या अखत्यारीत येतात, पण युनायटेड किंगडमचा भाग नाहीत; त्यांची विधिमंडळे वेगळी, करही वेगळे. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात गेले तेव्हा त्यांच्यासाठी खास तरतूद झाली. सीमाशुल्कापुरती बेटे हद्दीच्या आत राहिली आणि मूल्यवर्धित कराच्या, म्हणजे व्हॅटच्या, हद्दीबाहेर. बेटांवरून ब्रिटनला जाणाऱ्या मालावर सीमाशुल्क नव्हते. व्हॅट मात्र आयातीच्या वेळी भरावा लागे. पुढचा सगळा व्यापार या एवढ्याशा फटीत उभा राहिला.

व्हॅट माल जिथे खपतो तिथे भरायचा असतो. निर्यात करमुक्त आणि आयातीवर कर, हे त्याचे मूळ सूत्र. जहाजभर मालाला ते सहज लागू पडते. टपालातल्या पाकिटाला लावायचे तर ते उघडा, किंमत ठरवा, पावती फाडा, आणि हाती येणार दोन-तीन पौंड. म्हणून १९८३ च्या युरोपीय निर्देशाने १० एकूपर्यंतच्या पार्सलांना आयातीवरचा व्हॅट माफ केला. एकू हे युरोपूर्वीचे हिशेबी चलन. ही मर्यादा २२ एकूपर्यंत नेण्याची मुभाही सदस्य देशांना पुढे मिळाली. टपालाने मागवलेला व्यापारी माल या माफीतून वगळण्याचा अधिकार त्याच कलमात होता. ब्रिटनने तो वापरला नाही. ब्रिटनमधली मर्यादा १८ पौंडांवर स्थिरावली.

गर्न्सीच्या काचघरांतली फुले खोक्यात घालून टपालाने ब्रिटनमधल्या घरोघरी पाठवण्याचा धंदा जुना. त्याला ही माफी सोयीची होती आणि तिच्याबद्दल कोणाची फारशी कुरकुरही नव्हती. इंटरनेट आल्यावर चित्र पालटले. १९९८ मध्ये जर्सीत सुरू झालेल्या कंपनीने पुढे प्ले डॉट कॉम या नावाने सीडी-डीव्हीडींचा मोठा व्यापार उभारला. डिस्क हलकी, लिफाफ्यात मावणारी आणि बहुधा अठरा पौंडांच्या आतली. मागोमाग कॉन्टॅक्ट लेन्स, जीवनसत्त्वांच्या गोळ्या, प्रिंटरची शाई, मेमरी कार्डे आली. पुस्तकांसाठी मात्र कोणी बेटांवर धाव घेतली नाही. ब्रिटनमध्ये पुस्तकांवर व्हॅटचा दर शून्यच असल्याने तिथून पाठवून वाचणार काहीच नव्हते. हा धंदा नेमका कशावर चालला होता, हे यावरून उघड होते.

हिशेब सोपा होता. २०११ मध्ये व्हॅटचा दर २० टक्के झाला. कर धरून १८ पौंडांना पडणारी डीव्हीडी बेटावरून १५ पौंडांना देता येई. गल्लीतल्या रेकॉर्डविक्रेत्याने नफ्यावर पाणी सोडले तरी हा फरक भरून निघणे कठीण. टेस्को, एचएमव्ही यांसारख्या बड्या कंपन्याही बेटांवरून डिस्क पाठवू लागल्या. पुष्कळसा माल मुळात ब्रिटनमधलाच असे. निर्यात म्हणून तो व्हॅटशिवाय बेटावर जाई, तिथे त्यावर पत्ता चिकटे आणि त्याच समुद्रावरून परत येई. माफी प्रत्येक पार्सलाला होती, म्हणून एका ग्राहकाच्या तीन डिस्क अनेकदा तीन लिफाफ्यांतून येत. टपाल खात्याचे काम वाचावे म्हणून दिलेल्या सवलतीने टपालाचेच काम असे वाढवले.

बेटांचीही बाजू होती. शेती आणि पर्यटन मंदावल्यावर बँकांखेरीज दुसरा रोजगार त्यांना हवा होता. तरी दुसऱ्यांचा माल नुसता पाठवून देणाऱ्यांबद्दल जर्सी सरकारलाही अवघडल्यासारखे झाले आणि २००६ मध्ये त्याने धोरण कडक केले. ब्रिटनमधल्या छोट्या विक्रेत्यांनी थेट युरोपीय आयोगाकडे तक्रार नेली. या माफीपायी तिजोरीचे वर्षाला सुमारे १४ कोटी पौंड बुडतात, असा खुद्द ब्रिटिश अर्थखात्याचा अंदाज होता. नोव्हेंबर २०११ मध्ये मर्यादा १५ पौंडांवर आली आणि १ एप्रिल २०१२ पासून चॅनल बेटांवरून टपालाने विकलेल्या मालाची माफी पूर्ण थांबली. बेटे लंडनच्या उच्च न्यायालयात गेली आणि मार्च २०१२ मध्ये हरली. जपानच्या राकुतेनने नुकत्याच विकत घेतलेल्या प्ले डॉट कॉमने २०१३ मध्ये स्वतःची थेट विक्री बंद केली. नियमाच्या कचाट्यात फुलेही सापडली.

इतर देशांतून येणाऱ्या पार्सलांची माफी मात्र चालूच राहिली, आणि चीनमधून येणाऱ्या स्वस्त मालाने तीच वाट धरली. उपाय ऑस्ट्रेलियाने काढला. जुलै २०१८ पासून १००० डॉलरपर्यंतच्या मालावरचा कर बंदरात न घेता विक्रेत्याकडून किंवा विक्री घडवणाऱ्या संकेतस्थळाकडून घेतला जाऊ लागला. पाकीट उघडण्याचा प्रश्नच मिटला. ब्रिटनने जानेवारी २०२१ मध्ये आणि युरोपीय संघाने त्याच वर्षी जुलैत उरलीसुरली माफी संपवून हीच रीत उचलली. भारतात परदेशी संकेतस्थळांचा माल भेटवस्तू म्हणून करमुक्त येई. डिसेंबर २०१९ मध्ये तशा आयातीलाच बंदी झाली. सुटली ती जीवरक्षक औषधे आणि राखी.

जर्सीने २००८ मध्ये स्वतःचा वस्तू व सेवा कर आणला. आज तो ५ टक्के आहे. परदेशी संकेतस्थळांची स्वस्त पार्सले आपला धंदा बुडवतात, ही तक्रार मग जर्सीच्या राजधानीतल्या, सेंट हेलियरच्या, दुकानदारांकडून येऊ लागली. १ जुलै २०२३ पासून जर्सीतल्या ग्राहकांना वर्षाला ३ लाख पौंडांहून जास्त माल विकणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांना तिथे नोंदणी करून विक्रीच्या वेळीच कर घ्यावा लागतो. इतर पार्सलांसाठी माफीची मर्यादा १३५ पौंडांवरून ६० पौंडांवर आली आहे.